डॉक्टर म्हणतात अनवाणी चालू नका, आत्या म्हणतात चप्पल दाराबाहेर, मग बाबांनी करायचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: बाबा ६७ वर्षांचे, १५ वर्षं डायबेटीस, तळपाय बधिर झालेत, डॉक्टरांनी घरातसुद्धा चपलेशिवाय पाय टेकवायचा नाही असं बजावलंय. गौरींना तीन दिवस नाशिकला आत्यांकडे राहायला जायचंय, तिथे चपला दाराबाहेर, सोवळं कडक, आणि बाबा स्वतःच म्हणतायत की तीन दिवसांनी काय होतंय, दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून फिरणं शोभतं का. तुम्हाला विचारायचंय की आत्यांकडे घरात चप्पल घालायची परवानगी मागणं उद्धटपणा होईल का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात २२ वर्षं पेशंटच्या घरी जाऊन काम करते. दिवसाला पाच-सहा घरं म्हणजे पाच-सहा उंबरे, आणि प्रत्येक उंबऱ्यात मी स्वतः रस्त्यावरची चप्पल काढते, त्यामुळे दारात काय काय होतं ते भरपूर पाहिलंय. आधीच सांगते, विचारणं उद्धटपणा अजिबात नाही. पण कसं विचारायचं, कोणी विचारायचं आणि हातात काय घेऊन विचारायचं यावर सगळं अवलंबून आहे.

खरी अडचण काय आहे ते आधी बोलू. डॉक्टर किंवा आमच्यासारखे लोक 'अनवाणी चालू नका' एवढं बोलून मोकळे होतो, आणि तो सल्ला पहिल्याच दुसऱ्याच्या दारात निकालात निघतो, कारण तिथे उभं राहून माणसाने काय म्हणायचं हे कोणीच शिकवलेलं नसतं. मी पण हेच करायचे. सुरुवातीच्या वर्षांत माझे एक पेशंट होते, निवृत्त शिक्षक, दर भेटीत मी त्यांना सांगायचे आणि ते मान डोलवायचे. मग ते भाच्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले. दारात चपलांचा ढीग, आत गुरुजी, होम चालू, सगळे अनवाणी, ते पण चप्पल काढून आत गेले. एका खोलीत सुतारकाम अर्धवट होतं, तिथला बारीक खिळा त्यांच्या पायाच्या करंगळीखाली घुसला आणि त्यांना कळलंच नाही, जेवून-खाऊन आरामात घरी आले. संध्याकाळी फरशीवर लाल ठिपके दिसले तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. जखम चिघळत गेली, शेवटी करंगळी काढावी लागली. मी भेटायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की तुम्ही सांगितलं होतंत खरं, पण दारात उभं राहून लोकांना म्हणायचं काय ते नव्हतं सांगितलंत. ते वाक्य मला अजून टोचतं आणि तेव्हापासून मी पेशंटला चपलेबद्दल सांगताना दारातल्या बोलण्याची तालीमसुद्धा करून घेते.

आता हे सगळ्यांना लागू आहे का? नाही. डायबेटीस आहे म्हणून प्रत्येकाने मित्राकडे चहाला जातानाही चप्पल घालूनच बसायला हवं असं नाही. पाय किती बधिर आहेत, आधी कधी पायाला जखम होऊन भरायला वेळ लागलाय का, बोटं वाकडी झालीयत का, तळव्याला घट्टे आहेत का, रक्तपुरवठा कसा आहे यावर ते ठरतं. दवाखान्यात एक नायलॉनचा धागा असतो, तळपायाला टेकवून दाबला की १० ग्रॅम जोर झाल्यावर वाकतो, डोळे मिटून तो लागल्याचं कळतंय का ते विचारतात. घरी करायची सोपी तपासणी पण आहे, इप्सविच टच टेस्ट म्हणतात. बाबांना डोळे मिटून झोपवा, दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटाने अलगद एक-दोन सेकंद स्पर्श करा, दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि कळलं की 'हो' म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची राखण गेलेली आहे असं समजा आणि डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. तुमच्या बाबांचे पाय डॉक्टरांनी तपासूनच सांगितलंय असं दिसतंय, म्हणजे त्यांच्या बाबतीत मी सूट देणार नाही, आणि आधी एकदा जरी जखम झाली असेल तर मुळीच नाही. ही तपासणी बाबांच्या समोर कराच, मोठ्याने मोजत करा. आपल्याला स्पर्श झाला आणि कळलाच नाही हे स्वतः अनुभवलं की 'काय होतंय तीन दिवसांनी' हे बोलणं बरंच कमी होतं.

या तीन दिवसांबद्दल बाबांना सांगायला अजून एक गोष्ट. वर्षातल्या ३६५ दिवसांत पायासाठी सगळ्यात वाईट फरशी कुठली असेल तर ती सणाच्या घरातली. नुसतं डोळ्यांपुढे आणा, मखर बांधताना सांडलेल्या टाचण्या, स्टेपलरच्या पिना, नारळ फोडल्यावर उडालेले करवंटीचे तुकडे, गर्दीत फुटलेल्या बांगडीची काच, आरतीच्या तबकातून पडलेला जळता कापूर, उदबत्तीचं टोक, समईचं सांडलेलं तेल. आपल्याला यातलं काहीही पायाखाली आलं तर आपण 'आई गं' करून पाय उचलतो आणि प्रकरण तिथेच संपतं. बाबा पाय उचलणार नाहीत, त्याच पायाने दिवसभर चालतील. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर जे काम केलं त्यातून हेच ठळकपणे पुढे आलं, की बोटं त्या रोगाने आपोआप झडून जात नाहीत, वेदना कळत नाही म्हणून माणूस स्वतःच्या नकळत त्यांना पुन्हा पुन्हा दुखापत करत राहतो. डायबेटीसच्या बधिर पायाचं पण तेच गणित आहे.

मग आत्यांना सांगायचं का की तुमची पद्धत जुनाट आहे, सोडा? अजिबात नको. मला स्वतःला चप्पल दाराबाहेर काढायची पद्धत मनापासून पटते. आपण जमिनीवर बसतो, जमिनीवर पंगत मांडतो, तिथेच गाद्या घालून झोपतो, रांगतं पोर त्याच फरशीवरचं उचलून तोंडात घालतं, अशा घरात रस्ता आत येऊ न देणं हे शहाणपणच आहे. आणि ही सवय आपल्याकडे किती खोलवर आहे याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जयपूर फूट. पाय तुटलेल्या लोकांना परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बसवायचे, तो बुटात घालूनच वापरायचा असायचा, आणि लोक तो घरी नेऊन कोपऱ्यात ठेवून द्यायचे, कारण बूट घालून घरात, देवळात कसं जायचं, मांडी कशी घालायची, शेतातल्या चिखलात कसं उतरायचं. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय तयार केला की तो बुटाशिवाय, अनवाणीच चालवता येतो, उकिडवं बसता येतं. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी लोकांना उंबऱ्यातली रीत सोडायला सांगितली नाही, त्या रीतीत बसेल असा पाय बनवला. मला वाटतं आत्यांच्या दारात आपल्याला तेच करायचंय, फक्त लहान प्रमाणात.

तर उपाय असा की बाबांसाठी एक नवी कोरी जोडी आणायची, जी रस्त्याला कधीच लागणार नाही. कापडी पिशवीत ठेवायची. आत्यांच्या दारात बाहेरची चप्पल काढायची, सगळे काढतात तशीच, आणि सगळ्यांसमोर पिशवीतून ही घरातली जोडी काढून घालायची. हे 'सगळ्यांसमोर' महत्त्वाचं आहे. माझ्या अनुभवात लोकांचा आक्षेप चपलेला कमी आणि रस्त्याला जास्त असतो. मला पेशंटला उचलायला, उभं करायला पकड लागते, अनवाणी पायाने गुळगुळीत टाइल्सवर ते धोक्याचं आहे, म्हणून मी अशीच एक धुतलेली कॅनव्हासच्या बुटांची जोडी पिशवीत घेऊन फिरते. पिशवीतून काढताना दिसली की बहुतेक घरांत कोणी प्रश्न पण विचारत नाही. नुसतं तोंडाने 'ही घरातलीच आहे हो' म्हटलं आणि पायात आधीच असली की मात्र बघणाऱ्याच्या मनात शंका राहते, मग तुम्ही कितीही खरं बोलत असा.

जोडी कुठली घ्यायची, तर साधी स्लीपर किंवा अंगठ्याची चप्पल नको. बधिर पायातून ती निसटते आणि कळत नाही, शिवाय ती धरून ठेवायला बोटं सतत आवळली जातात आणि अंगठ्याच्या बेचक्यात घासून फोड येतो. मागे पट्टा असलेली, वर रुंद वेल्क्रोचे पट्टे असलेली, आत एमसीआरचा थर असलेली घ्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बोटाने दाबलं की दबतं आणि सोडलं की लगेच वर येतं. खालचा तळवा मात्र जाड आणि थोडा कडक हवा, टाचणी आरपार येऊ नये म्हणून. मोठ्या हॉस्पिटलांच्या डायबेटिक फूट विभागात किंवा कॅलिपर-बेल्ट बनवणाऱ्या दुकानात मापाने बनवून मिळते. सणाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी घ्या, रोज थोडा थोडा वेळ घरात घालून बघू दे, नवी जोडी तिथे जाऊन पहिल्यांदा घालायची आणि तीच चावायची असं व्हायला नको.

आणि तुमच्या प्रश्नात सोवळं आहे म्हणून मुद्दाम सांगते, दुकानात सांगून पट्टे रेक्झिनचे करून घ्या, चामड्याचे नकोत. जुन्या वळणाच्या घरात मोठा अडसर चामड्याचा असतो. चामडं नाही, रबर आणि रेक्झिन आहे, बाहेर कधी घातलेली नाही, हे ऐकल्यावर फार कडक सोवळ्याच्या आजीसुद्धा विचार करतात असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे खडावा होत्याच की, लाकडाच्या, चामडं नाही म्हणून सोवळ्यातसुद्धा चालायच्या. म्हणजे घरात पायात काहीतरी असणं हे परंपरेला अगदीच परकं नाही, आत्यांना हे आवडेल ऐकायला. (फक्त कोणी उत्साहाने बाबांना खडावा आणून देऊ नका, कडक लाकूड आणि बोटात धरायचा खुंट, बधिर पायाला याहून वाईट काही नाही.)

आता विचारायचं कसं. दारात नाही, फोनवर, आणि पोचायच्या आठवडाभर आधी. दारात विचारलं की यजमानाला चार लोकांसमोर हो म्हणावं लागतं किंवा अवघडून गप्प बसावं लागतं, दोन्ही वाईट. आपल्याकडे तर त्यात अजून एक गंमत आहे, तुम्ही दारात वाकून चप्पल काढायला लागलात की आतून आवाज येतोच, 'असू द्या हो, असू द्या, काढू नका'. हे 'असू द्या' म्हणजे परवानगी नसते, ते आगत-स्वागत असतं. मी कसं ओळखते सांगू का, बोलणारी व्यक्ती स्वतः अनवाणी आहे का, चपलांचं स्टँड दाराच्या आत आहे की बाहेर, उंबऱ्यावर रांगोळी किंवा हळदी-कुंकू आहे का, आणि मी काढायला लागल्यावर त्यांनी पुन्हा अडवलं का. एकदाच म्हणाले आणि मग बाजूला होऊन वाट बघतायत, तर काढायची. दोन-तीनदा म्हणाले, वर 'आमच्याकडे तसं काही नाही, आम्हीपण घालतो' म्हणाले, पायात घरातली स्लीपर दिसतेय, तर खरंच चालतं. पण आत्यांच्या घरी तीन दिवस राहायचं तर अशा अंदाजावर जाऊ नका, आधीच स्पष्ट बोललेलं बरं.

फोन बाबांनी करायचा, तुम्ही नाही. मुलाने किंवा सुनेने सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं नव्या पिढीचं काहीतरी फॅड आहे, आणि बाबा तिथे गेल्यावर 'अगं पोरांचं ऐकू नकोस' म्हणून स्वतःच चप्पल काढून टाकतील. भावाने बहिणीला सांगितलेलं वेगळं असतं. एवढंच बोलायचं: 'ताई, गौरींना येतोय. एक सांगायचं होतं, माझे पाय साखरेने बधिर झालेत, काही टोचलं-भाजलं तरी कळत नाही, डॉक्टरांनी अनवाणी चालायला सक्त मनाई केलीय. मी एक नवी चप्पल आणतोय, रबराची, बाहेर घातलेली नाही, ती घरात घालीन. तुझ्या देवघरात, स्वयंपाकघरात नाही जाणार घालून. कुठे घालायची, कुठे नाही ते तू सांग.' शेवटचं वाक्य सोडू नका. 'चालेल ना?' विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, 'कुठे नाही ते तू सांग' म्हटलं की घराची मालकीण तीच राहते आणि बाबांची सोय पण होते. बाबा जर वयाने मोठे असतील तर वाक्यं थोडी बदलतील, पण विचारणं तसंच ठेवा.

बाबांना हे बोलणं जड जाणार हे धरून चाला. आजार उघड करायची लाज, बहिणीपुढे आपण म्हातारे झालो हे मान्य करायचं, 'पायीची वहाण पायीच बरी' अशा म्हणी ऐकत मोठी झालेली पिढी आहे ती, वहाणेला घरात मान द्यायचा म्हणजे त्यांना विचित्रच वाटतं. माझ्या एका पेशंटने मला सांगितलं होतं की औषधाची बाटली चारचौघांत काढायला लाज वाटत नाही पण चप्पल काढून घालायला वाटते. मी त्यांना म्हटलं की ही तुमची बाटलीच आहे असं समजा. ते पटलं त्यांना.

तिथे गेल्यावरच्या काही गोष्टी, ज्या फोनवर सुचत नाहीत. गौरी आणताना दारापासून आतपर्यंत पावलं काढलेली असतात, त्यावर बाबांचा पाय चपलेसकट पडला तर सगळ्यांनाच वाईट वाटेल, तेव्हा त्या वेळी त्यांना आधीच एका बाजूला खुर्चीवर बसवा, तिथून सगळं नीट दिसेल अशी जागा बघा. देवासमोर नमस्काराला जाताना आधी तुम्ही तो पाच-सहा फुटांचा पट्टा हाताने झाडून घ्या, मग बाबांनी चप्पल काढून तुमचा हात धरून जायचं, नमस्कार करायचा, परत येऊन चप्पल घालायची. एवढी सूट मी माझ्या पेशंटना देते, कारण तेही नाकारलं तर ते चोरून करतात आणि तेव्हा हात धरायला कोणी नसतं. घालायच्या आधी दर वेळी चप्पल उलटी करून झटकायची, आत हात फिरवून बघायचा, लहान मुलांच्या घरात चपलेत काहीही सापडतं. आरतीच्या गर्दीत त्यांना मागे ठेवा.

रात्रीचं विसरू नका, हा माझ्या मते सगळ्यात धोकादायक भाग आहे. परक्या घरात रात्री दोनला बाथरूमला उठलेला माणूस, अंधार, सगळीकडे गाद्या घातलेल्या, चप्पल कुठेतरी हॉलमध्ये राहिलेली. चप्पल गादीच्या शेजारीच हवी आणि एखादा छोटा नाइट लॅम्प घेऊन जा. मोजे घालून चालू देत का असं बरेच जण विचारतात, नुसत्या मोज्यांनी टोचण्यापासून काहीच संरक्षण होत नाही आणि टाइल्सवर घसरायला होतं, तेव्हा नाही. बाथरूममधे तिथली सगळ्यांची ओली स्लीपर पायात सरकवायची सवय असते आपल्याला, ती नको, स्वतःचीच घालायची आणि बाहेर आल्यावर तळवा पायपुसण्यावर नीट पुसायचा, आत्यांना तेवढं बघायला मिळालं की त्यांचंही मन निश्चिंत होतं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोणीतरी दुसऱ्याने पाणी हाताने बघायचं.

बाहेर काढलेल्या चपलेचं पण सांगते. सणाच्या घरात किंवा कार्यालयात चपलांच्या ढिगातून अदलाबदल होतेच. बाबांची बाहेरची जोडीसुद्धा मापाची असेल तर ती ढिगात टाकू नका, त्याच कापडी पिशवीत घालून बाजूला ठेवा. दुसऱ्याची चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो एवढ्यावरून आलेला फोड भरायला दीड महिना लागलेला मी पाहिलाय.

आणि मुळात दारात उभं राहून चप्पल काढणं हेच वयस्कर माणसासाठी अवघड काम आहे. एक पाय वर, एक हात भिंतीला, मागून कोणीतरी 'या या' करून घाई करतंय, पायाखाली इतरांच्या चपला. बधिर पायाला जमीन नीट कळत नाही त्यामुळे तोल आधीच कच्चा असतो. माझ्याकडे पडून कंबरेचं किंवा मनगटाचं हाड मोडलेले जे पेशंट येतात त्यांच्यात दाराशी पडलेले आहेतच, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. आत्यांना फोनवर अजून एकच विनंती करा, दाराशी एक खुर्ची ठेवायची, हाताची, प्लास्टिकची हलकी नको, लाकडी ठेवा. बसून काढायची, बसून घालायची. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, तुमच्या घरी डायबेटीस असलेलं कोणी नसलं तरी पाहुण्यांत असणारच, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली आलेल्या पाहणीत भारतात १० कोटींवर लोकांना डायबेटीस असल्याचं दिसलं. दाराशी खुर्ची असली की त्यांना काही बोलायची वेळच येत नाही. अर्धांगवायूनंतर पायात स्प्लिंट, म्हणजे चवडा वर धरून ठेवणारी पट्टी, घालणारे लोक असतात, ती बुटात बसवलेली असते, बूट काढला की स्प्लिंटही जाते आणि चवडा लोंबायला लागतो, त्यांच्यासाठी बुटाचा तळवा ओल्या फडक्याने पुसून द्या आणि तसंच आत घ्या, कृपा करून 'काढा ना, दोन मिनिटांचं तर काम आहे' म्हणू नका.

आत्या नाहीच म्हणाल्या तर? होऊ शकतं, बावीस वर्षांत मला स्वतःला दोन घरांनी पिशवीतल्या जोडीलाही नकार दिला होता आणि तो त्यांचा अधिकार आहे, घर त्यांचं. तेव्हा वाद घालू नका, सोवळ्यात काय चालतं यावर तर नकोच. मग पर्याय असा की मुक्काम जवळच्या दुसऱ्या नातेवाइकाकडे किंवा लॉजवर करायचा, गौरीजेवणाच्या दिवशी दोन-तीन तास जायचं, बाबांनी दाराजवळच्या खोलीत किंवा ओटीवर खुर्चीवर बसायचं, चप्पल पायात, आणि बाकीच्यांनी त्यांना भेटायला तिथे यायचं, प्रसादाचं ताट तिथेच. पण मला खरंच वाटत नाही तसं होईल. नकार बहुतेक वेळा तेव्हा येतो जेव्हा कारण सांगितलेलं नसतं. 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच म्हटलं तर लोकांना ते पथ्यासारखं वाटतं, सणाला मोडायचं असतं तसं. 'मला टोचलेलं कळत नाही' म्हटलं की बहिणीला ते लगेच कळतं.

तिथे तिन्ही रात्री झोपायच्या आधी तुम्ही स्वतः मोबाईलच्या उजेडात बाबांचे दोन्ही तळपाय बघा, टाच, चवडा, बोटांच्या मधे सुद्धा, हात फिरवून एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागतेय का तेही बघा. लालसर डाग, फोड, बारीक छिद्र, मोज्याला ओलसर डाग, काहीही दिसलं तर हळद लावून सकाळची वाट बघत बसू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कोरडं ड्रेसिंग करा, त्या पायावर भार देऊ नका आणि नाशिकमधेच चोवीस तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, पुण्याला परत येईपर्यंत थांबायचं नाही. निघायच्या आधी तिथल्या एखाद्या सर्जनचा नंबर आत्यांकडूनच मागून ठेवा, त्याच फोनमधे.